युद्धांतून वाचलेले कागद

जुबिलीच्या पुस्तिकेंत धर्मग्रामाचा इतिहास द्यावा, देवळाचा पाया कोणत्या सालीं घातला, घंटा कोणीं अर्पण केली, कोणकोणते पाद्री येऊन गेले यांची यादी छापावी, ही चाल जुनी आहे व योग्यही आहे. परंतु अशी यादी करावयास बसलें म्हणजे पहिला प्रश्न उभा राहतो तो हा कीं, ही माहिती आणावयाची कोठून? वृद्धांच्या स्मरणांतून कांहीं मिळते, थडग्यांच्या दगडांवरून कांहीं मिळते. बाकीची सर्व भिस्त कपाटांतील नोंदवह्यांवर. सन १५६३ मध्यें ट्रेन्टच्या धर्मपरिषदेनें प्रत्येक पाद्र्यानें विवाहांची वही ठेवावी असा नियम केला, बाप्तिस्म्याच्या वेळीं धर्ममातापित्यांचीं नांवें लिहून ठेवण्यास सांगितलें, आणि १६१४ च्या रोमन विधिग्रंथानें या नोंदींचे नमुने घालून दिले. तेव्हांपासून पाद्री हा, त्याची आवड असो वा नसो, कागद सांभाळणारा मनुष्य होऊन बसला आहे.

मात्र प्रस्तुत लेखांत आम्हांस वाचकांपुढें ठेवावयाची आहे ती निराळ्याच कागदांची हकिकत. एक संत स्त्री व तिचा गुरु यांचे हे कागद. गेल्या महायुद्धांत ते नष्ट व्हावयाचे, पण झाले नाहींत. ते वाचविणारीं माणसें म्हणजे एक तरुण फ्रान्सिस्कन पाद्री, दोनतीन मठांतील धर्मभगिनी, एक मिशनरी, अशीं होतीं. त्यांच्यापैकीं बहुतेकांस त्या कागदांवर काय लिहिलें आहे तें वाचतांही येत नव्हतें. आमच्या मतें या हकिकतीचें मर्म तेथेंच आहे.

गुरूपासून आरंभ करूं. एडमुंड हुसर्ल यांचा जन्म १८५९ सालीं मोराव्हिया प्रांतांतील एका यहुदी कुटुंबांत झाला. तरुणपणीं त्यांनीं ल्यूथरपंथीय बाप्तिस्मा घेतला, पुढें ते जर्मनींत तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक झाले, आणि १९१६ पासून फ्रायबुर्गच्या विद्यापीठांत शिकवूं लागले. मनुष्याच्या अनुभवास वस्तु जशी प्रत्ययास येते तशी ती प्रथम नीट पाहावी, मग तिच्याविषयीं सिद्धांत बांधावे, असा त्यांच्या शिकवणीचा रोख होता. सेमिनरींत तत्त्वज्ञान शिकलेल्यासही त्यांचें एक पान दमवून सोडतें, तेव्हां त्याचा जास्त विस्तार येथें करीत नाहीं. सांगावयाचें तें एवढेंच कीं, या गृहस्थांस लेखणी हातांत धरल्यावांचून विचार करतां येत नसे. रोज लिहावें, आणि तेंही गाबेल्सबेर्गर नांवाच्या लघुलिपींत. छापावें त्यांतलें फार थोडें. त्यांच्या मरणसमयीं अशीं सुमारें ४०,००० पानें घरांत पडून होतीं.

सन १९१६ मध्यें हीं पानें लावण्याच्या कामीं हुसर्ल यांस एक मदतनीस मिळाली. एडिथ स्टाईन तिचें नांव. ब्रेसलाउ शहरांतील यहुदी व्यापाऱ्याच्या घरीं १२ ऑक्टोबर १८९१ रोजीं ती जन्मली. बाप लहानपणींच वारला. आईनें लांकडाचा व्यापार चालवून अवघा संसार ओढला. मुलगी बुद्धीनें तल्लख, आणि त्या काळीं कोणत्याही देवाची प्रार्थना न करणारी. हुसर्ल यांच्याच हाताखालीं तिनें डॉक्टर ही पदवी मिळविली, व लगेच त्यांच्या लघुलिपींतील गठ्ठ्यांत ती बुडून गेली. पानें वाचावीं, जुळवावीं, स्वच्छ उतरून गुरूपुढें ठेवावीं. तोंवर गुरु नवीन विचारामागें लागलेले असत आणि जुन्याकडे पाहण्यास त्यांना सवड नसे. १९१८ सालीं तिनें हें काम सोडलें. पुढें १९२८ मध्यें, काळाच्या जाणिवेविषयीं हुसर्ल यांचीं व्याख्यानें मार्टिन हायडेगर यांच्या संपादकत्वाखालीं प्रसिद्ध झालीं. त्यांची मांडणी बहुतांशीं या बाईचीच होती; प्रस्तावनेंत मात्र तिनें लघुलिपींतून नक्कल केली एवढाच उल्लेख आला. मदतनिसांच्या वांट्यास असेंच येतें.

दरम्यान एडिथचें आयुष्य पार बदललें होतें. १९२१ मध्यें आविलाच्या संत तेरेसेचें आत्मचरित्र तिच्या हातीं पडलें, आणि १ जानेवारी १९२२ रोजीं बेर्गझाबेर्न येथें तिनें कॅथलिक बाप्तिस्मा घेतला. श्पायर येथील डोमिनिकन भगिनींच्या शाळेंत तिनें बरींच वर्षें शिकविलें. १९३३ सालीं जर्मनींत हिटलरचा अंमल सुरू झाला. यहुदी वंशाच्या माणसास सरकारी जागा उरली नाहीं. म्युन्स्टर येथील तिची व्याख्याती म्हणून असलेली जागा गेली. त्याच वर्षाच्या ऑक्टोबर महिन्यांत तिनें कोलोनच्या कार्मेल मठांत प्रवेश केला, आणि पुढील वर्षीं वस्त्रदीक्षेच्या वेळीं क्रूसाची तेरेसा बेनेदिक्ता हें नांव धारण केलें. वृद्ध हुसर्ल यांसही विद्यापीठाचीं दारें बंद झालीं होतीं. २७ एप्रिल १९३८ रोजीं ते मरण पावले, आणि तीं ४०,००० पानें त्यांची विधवा पत्नी माल्विने हिच्याकडे राहिलीं. यहुदी लेखकांचे ग्रंथ चौकांत जाळण्याचा समारंभ ज्या देशानें १९३३ मध्येंच केला होता, त्या देशांत हीं पानें किती दिवस टिकलीं असतीं?

या ठिकाणीं आमचा फ्रान्सिस्कन पाद्री रंगांत येतो. हेर्मान लेओ फान ब्रेडा हा बेल्जममधील लूव्हेनच्या कॅथलिक विद्यापीठाचा विद्यार्थी, वय २७. आपल्या प्रबंधासाठीं हुसर्ल यांचे कांहीं अप्रकाशित लेख पाहावे एवढ्याच हेतूनें तो १९३८ च्या ऑगस्टांत फ्रायबुर्ग येथें उतरला. पाने पाहिल्यावर प्रबंध बाजूस राहिला. हें सर्व देशाबाहेर नेलें पाहिजे असें त्याच्या मनानें घेतलें.

लूव्हेनच्या माणसास हें तात्काळ सुचावें यांत नवल नाहीं. २५ ऑगस्ट १९१४ च्या रात्रीं जर्मन सैन्यानें त्या गांवचें विद्यापीठ-ग्रंथालय पेटवून दिलें होतें. सुमारें तीन लक्ष ग्रंथ, आणि त्यांबरोबर मध्ययुगांतील शेंकडों हस्तलिखितें एका रात्रींत राख झालीं. छापील पुस्तकाची दुसरी प्रत कोठें तरी असते, हस्तलिखिताची नसते. ही गोष्ट त्या गांवचीं मुलें पुस्तकांतून शिकलीं नाहींत.

आतां हे कागद न्यावयाचे कसे? सीमेवर झडती होई, आणि लघुलिपींतील चाळीस हजार पानें म्हणजे कोणाही पोलिसास हेराचें गुप्त लिखाणच वाटावयाचें. प्रथम एक उपाय भगिनी आदेलगुंडिस येगरश्मिड यांनीं काढला. या बेनेडिक्टाईन धर्मभगिनी स्वतः हुसर्ल यांच्या जुन्या विद्यार्थिनी. त्यांच्या संघाचें एक घर स्विस सीमेलगत कॉन्स्टान्स येथें होतें; तेथून थोडे थोडे कागद पलीकडे न्यावे असा बेत ठरला. तीन जड पेट्या भरून त्या तिकडे घेऊन गेल्या. परंतु तेथील भगिनींनीं परिस्थिति पाहून सांगितलें कीं हें साधणार नाहीं. तेव्हां फान ब्रेडा स्वतः गेला, पेट्या परत घेतल्या, आणि आगगाडीनें देशाच्या दुसऱ्या टोंकास, थेट बर्लिनला निघाला. त्याला कळलें होतें कीं, वकिलातीच्या सीलबंद थैलीस झडती नसते, पण ही सवलत फक्त राजधानींतील वकिलातीस आहे, गांवोगांवच्या कॉन्सलास नाहीं. तो काळ सप्टेंबर १९३८ चा. चेकोस्लोव्हाकियाच्या प्रश्नावरून आज युद्ध होतें कीं उद्यां, अशी स्थिति. गाड्या सैनिकांनीं भरलेल्या. आणि हा पाद्री तीन पेट्या संभाळीत बसलेला!

बर्लिनच्या बेल्जियन वकिलातीनें पेट्या आपल्या तिजोरींत ठेवून घेतल्या. कायद्याची अडचण दूर व्हावी म्हणून माल्विनेबाईंनीं त्या कागदांची मालकी कागदोपत्रीं फान ब्रेडा याच्या नांवें करून दिली. दारिद्र्याचें व्रत घेतलेल्या फ्रान्सिस्कनाच्या नांवें एवढी इस्टेट क्वचितच झाली असेल. बेल्जमच्या सरकाराची संमति मिळाली, आणि नोव्हेंबर महिन्यांत सर्व हस्तलिखितें राजनैतिक थैलींतून सुखरूप लूव्हेनला पोंचलीं. तेथें त्यांच्यासाठीं हुसर्ल-संग्रह स्थापन झाला. पुढील वर्षीं माल्विनेबाईही बेल्जममध्यें आल्या, आणि युद्धाचीं सर्व वर्षें लूव्हेनजवळच्या हेरेंट गांवीं एका मठांत भगिनींनीं त्यांस लपवून ठेवलें. तेथें त्यांनीं कॅथलिक धर्म स्वीकारला.

मे १९४० मध्यें जर्मन सैन्य पुनः लूव्हेनमध्यें शिरलें. १९१४ नंतर अमेरिकन लोकांच्या देणग्यांतून जें नवें ग्रंथालय उभें राहिलें होतें तेंही जळालें. या खेपेस सुमारें नऊ लक्ष ग्रंथ गेले. हुसर्ल यांचीं पानें वाचलीं. शत्रूचा अंमल चालू असतां त्याच गांवांत यहुदी वंशाचे श्टेफान श्ट्रासर व त्यांच्या पत्नी हीं लपून राहून लघुलिपींतील पानें उतरून काढीत होतीं.

इकडे तेरेसा बेनेदिक्ता यांच्या कागदांची कथा याहून बिकट होती. कोलोनच्या मठांत वरिष्ठांच्या आज्ञेनें त्यांनीं एक मोठा तत्त्वज्ञानाचा ग्रंथ लिहिला, त्याचे खिळेही जुळले, परंतु लेखिका यहुदी असल्यामुळें तो प्रसिद्ध होऊं शकला नाहीं. नोव्हेंबर १९३८ मध्यें जर्मनीभर यहुद्यांचीं प्रार्थनामंदिरें जाळलीं गेलीं, तेव्हां आपल्यामुळें मठावर संकट नको म्हणून वर्षाच्या शेवटच्या दिवशीं त्या हॉलंडमधील एख्त येथील कार्मेल मठांत गेल्या. आपल्या यहुदी घराच्या आठवणींचें बाड त्यांनीं बरोबर घेतलें नाहीं. सीमेवर तें सांपडणें धोक्याचें होतें. मागाहून मरियनहिल संघाच्या एका मिशनऱ्यानें तें मोटारींतून एख्तला पोंचविलें. पुढें हॉलंडही जर्मनांच्या ताब्यांत गेल्यावर तेंच बाड कांहीं काळ जमिनींत पुरून ठेवावें लागलें. पुरलेल्या कागदास ओल लागते हें आपल्या कोंकणांतील माणसास सांगावयास नकोच.

एख्त येथें त्या क्रूसाचे संत योहान यांच्यावर ग्रंथ लिहीत होत्या. त्या संताच्या जन्मास १९४२ मध्यें चारशें वर्षें होत होतीं. त्याच वर्षीं जुलैच्या २६ तारखेस, रविवारीं, हॉलंडमधील सर्व कॅथलिक देवळांतून बिशपांचें पत्र वाचलें गेलें. यहुद्यांना देशाबाहेर नेण्याचा त्यांत उघड निषेध होता. ऑगस्टच्या २ तारखेस, पुढच्याच रविवारीं, सूड म्हणून कॅथलिक झालेल्या यहुद्यांस पकडण्यांत आलें. तेरेसा बेनेदिक्ता व मठाच्या दारीं सेवा करणारी त्यांची बहीण रोझा यांना सायंकाळीं मठांतून नेलें. संत योहानांवरील लिखाण मागें राहिलें.

यानंतर त्यांच्या हातचें जें मिळतें तें म्हणजे वेस्टरबोर्कच्या छावणींतून मठाधिकारिणीस पाठविलेल्या कांहीं चिठ्ठ्या. मोठमोठ्या ग्रंथांहून आम्हांस त्या चिठ्ठ्या अधिक बोलक्या वाटतात. त्यांत लोंकरीचे मोजे मागितले आहेत, दोन कांबळीं मागितलीं आहेत, रोझासाठीं उबेचे कपडे मागितले आहेत, आणि प्रार्थनाग्रंथाचा पुढचा भाग. जिला उद्यांचा भरंवसा नव्हता ती पुढील महिन्यांच्या प्रार्थनांचें पुस्तक मागत होती. ७ ऑगस्टला गाडी पूर्वेकडे निघाली. ९ ऑगस्ट १९४२ रोजीं ऑशविट्झ येथें दोघी बहिणींचा वध झाला. कबर नाहीं, अस्थि नाहींत. त्या अर्थानें पाहिलें तर या संताचे अवशेष म्हणून जगाजवळ मुख्यतः कागदच आहेत.

तेही जातां जातां राहिले. १९४४-४५ च्या हिवाळ्यांत रणभूमि एख्तच्या दारापर्यंत आली. मठ सोडतांना भगिनींनीं ते कागद दोन पोत्यांत भरले आणि हेर्केनबोश येथील मठांत नेले. ज्यांना घाईघाईनें घर सोडावें लागलें असेल त्यांनीं विचार करून पाहावा, हाताशीं किती वस्तु घेतां येतात, आणि त्यांत मेलेल्या माणसाच्या न वाचलेल्या कागदांची पोतीं घेणें किती कठीण! पुढें हेर्केनबोशही सोडावें लागलें; तेथील मठ उद्ध्वस्त झाला, पोतीं फुटलीं, पानें विखुरलीं.

मार्च १९४५ मध्यें कार्मेल संघाचे एक अधिकारी फादर आव्हेर्तानुस आणि लूव्हेनहून आलेला एक फ्रान्सिस्कन पाद्री त्या पडक्या भिंतींत शिरले. हा फ्रान्सिस्कन म्हणजे तोच फान ब्रेडा. दगडमातींतून एक एक पान वेंचून त्यांनीं तें लूव्हेनला आणलें. ज्या मुलीनें १९१६ मध्यें गुरूचे विस्कटलेले गठ्ठे लावले होते, तिचीं स्वतःचीं विस्कटलेलीं पानें गुरूच्याच पानांशेजारीं येऊन पडलीं. तीं लावण्याचें काम डॉक्टर लूसी गेल्बेर या बाईंनीं अनेक वर्षें केलें. १९५० सालीं हुसर्ल यांच्या समग्र ग्रंथमालेचा पहिला खंड निघाला, आणि त्याच सालीं तेरेसा बेनेदिक्ता यांच्या ग्रंथमालेचा पहिला खंड, क्रूसाचे संत योहान यांच्यावरील तो ग्रंथ, प्रसिद्ध झाला. यहुदी घराच्या आठवणी १९६५ मध्यें छापल्या गेल्या. पोप दुसरे जॉन पॉल यांनीं ११ ऑक्टोबर १९९८ रोजीं त्यांस संतपद दिलें. आज त्यांचे कागद कोलोनच्या कार्मेल मठाच्या संग्रहांत आहेत.

एक कागद मात्र निराळ्या कपाटांत होता, व त्याविषयीं मौन धरणें आम्हांस योग्य वाटत नाहीं. एप्रिल १९३३ मध्यें, मठांत जाण्यापूर्वीं, एडिथ स्टाईन यांनीं पोप अकरावे पायस यांस एक पत्र लिहिलें. यहुदी लोकांची कन्या व ख्रिस्तसभेची लेक या दोन्ही नात्यांनीं त्यांनीं विनंति केली होती कीं, यहुद्यांच्या छळाविरुद्ध ख्रिस्तसभेनें बोलावें. बॉयरोनच्या मठाधिपतींमार्फत तें रोमला पोंचलें. उत्तरीं त्यांस व त्यांच्या कुटुंबियांस आशीर्वाद आला. मार्च १९३७ मध्यें त्याच पोपांनीं जर्मन भाषेंत परिपत्रक काढून वंशाची पूजा करणाऱ्या मताचा कडक निषेध केला; यहुद्यांच्या छळाचें नांव मात्र त्यांत स्पष्टपणें आलें नाहीं. पत्राचा मजकूर व्हॅटिकनच्या दप्तरांत राहिला, आणि १९३३ च्या त्या कागदांचें दार अभ्यासकांस २००३ मध्यें उघडलें गेलें. पोप बारावे पायस यांच्या कारकीर्दीचे कागद २०२० च्या मार्चमध्यें खुले झाले. तें पत्र वाचून कित्येकांस वाईट वाटलें, आणि वाटावेंच असें तें आहे. परंतु तें फाडलें गेलें नाहीं, सत्तर वर्षें जपलें गेलें, व शेवटीं सर्वांपुढें ठेवलें गेलें. ज्या कागदांत आपली स्तुति आहे तेवढेच जपणारास दप्तरदार म्हणतां येत नाहीं.

आतां कोणी म्हणेल, कोठें लूव्हेन आणि कोठें आपला कोंकण? आपल्याच भाषेंतील उदाहरण घ्या. फादर स्टीफन्स हे १५७९ मध्यें गोव्यास आले, आणि त्यांचें ख्रिस्तपुराण १६१६ सालीं रायतूर येथें छापलें गेलें. पुढें १६४९ व १६५४ मध्यें तें पुनः छापलें. या तीन आवृत्त्यांपैकीं एकीचीही प्रत आज उपलब्ध नाहीं. १६८४ मध्यें पोर्तुगीज सरकारनें देशी भाषेवर बंदी घातली, तरी सुमारें अकरा हजार ओव्यांचा तो ग्रंथ राहिला, कारण लोकांनीं तो हातानें उतरून घेतला, वाचला, मुलांस दिला. अशा हस्तलिखितांवरून जोसेफ सलढाणा यांनीं १९०७ सालीं मंगळूर येथें तो छापला. देवनागरी लिपींतील एक हस्तलिखित मार्सडेन यांच्या संग्रहाबरोबर लंडनच्या एका विद्यालयाच्या ग्रंथालयांत जाऊन पोंचलें. तें उतरून घेणाऱ्यांचीं नांवें कोणास ठाऊक आहेत?

वसईच्या १७३७ ते १७३९ च्या युद्धाचेंही तसेंच. मराठ्यांच्या बाजूचीं पत्रें पुण्याच्या पेशवे दप्तरांत राहिलीं. गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं १९३० नंतर त्या दप्तरांतील निवडक कागदांचे ४५ खंड काढले, त्यांत एक खंड वसईच्या मोहिमेचा आहे. पोर्तुगीज राजवटीचे कागद पणजीच्या दप्तरखान्यांत पाहावे. त्याचा आरंभ १५९५ सालचा. आपल्या पूर्वजांवर काय प्रसंग गुदरला हें जाणावयाचें तर दोन्ही दारें ठोठावावीं लागतात.

आमच्या कार्यालयांतील जुन्या नोंदवह्यांस वाळवी व पावसाळा यांनीं थोडाबहुत हात लावला आहे. जीं पानें शाबूत आहेत त्यांचीं छायाचित्रें घेण्याचें काम या जुबिली वर्षांत हातीं घेतलें आहे. धर्मग्रामांतील ज्या घरीं जुनीं पत्रें, प्रार्थनांच्या हस्तलिखित वह्या, लग्नाच्या याद्या, किंवा युद्धाच्या काळांत परदेशांतून अथवा फौजेंतून आलेले कागद असतील त्यांनीं ते कार्यालयांत आणून दाखवावे. मूळ कागद आम्ही ठेवून घेणार नाहीं. नक्कल करून त्याच दिवशीं परत देऊं. कागद फाटका असला, अक्षर लागत नसलें, भाषा पोर्तुगीज असली, तरी तो आणण्यास संकोच करूं नये.